गुरुवारचा तास

जळक्या माणसाबद्दल चांगलं बोलणारं मला आजवर कुणी भेटलेलं नाही. मी मात्र बोलणार आहे. सायमनभाऊंइतका जळका माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही, आणि त्या खोल्यांमधली सगळी माणसं विसरले तरी हा एक माणूस विसरायला तयार नाही.

पिंपरीला औषधांचा कारखाना नवा नवा उभा राहिला होता, तेव्हाचे हे दिवस. पन्नास साल उलटून गेलेलं. रेल्वेच्या बाजूला कामगारांसाठी खोल्यांची एक लांब रांग बांधली होती. सगळ्यांना मिळून पुढे एकच ओटा. त्यामुळे एकीच्या घरात फोडणी पडली की ठसका सगळ्यांना लागायचा, आणि भांडणाचंही तसंच. आम्ही साताऱ्याकडचे. आमचे हे कारखान्याच्या गुदामात कारकून होते. शेजारच्या खोलीत सायमनभाऊ आणि तेरेजाबाई. ते राहुरीकडचे, कॅथलिक. त्यांना मूलबाळ नव्हतं.

सायमनभाऊ बॉयलरवर कामाला होते. उंच, काळेसावळे, भुवया कायम थोड्या करपलेल्या. डोक्यावर खाकी टोपी, ती फक्त देवापुढे आणि जेवताना काढायची. कामावरून आले की ओट्यावर बादली घेऊन असे काही तोंड धुवायचे, की माझी कोंबडी पिल्लं घेऊन पळायची. मग टॉवेलनं कान कोरत सगळ्यांना एकच विचारायचे, "काय वैनी, दाब काय म्हणतो?" बॉयलरचा दाब दाखवणारा काटा असतो म्हणे. तो चढत गेला की सावध व्हायचं. भाऊंना सगळी माणसं तशीच दिसायची. कुणी चिडलं की ते काही बोलायचे नाहीत. नुसतं बोट आडवं धरून ते हळूहळू वर न्यायचे. काटा चढतोय! चिडलेल्या माणसाला मग हसावं तरी लागायचं नाहीतर आणखी चिडावं तरी लागायचं.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. पेटलेलं बॉयलर एकटं सोडायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे त्यांच्या भाषेत 'बदली', समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागचं हलायचं नाही. बदली आली नाही, तर खुशाल पुढची पाळी करायची. हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की तेरेजाबाईंनी एकदा त्यांना चुलीवरच्या दुधाकडे बघायला सांगितलं आणि त्या पाण्याला गेल्या. तेवढ्यात ओट्यासमोरून बँड वाजवत वरात निघाली. सगळी रांग बाहेर आली, आमचे हेसुद्धा पेपर टाकून आले. भाऊ चुलीपुढून हलले नाहीत. आतूनच ओरडून विचारत होते, "घोडं कसं हाय? नवरदेव बरा हाय का?"

आता त्यांच्या जळण्याबद्दल. तेरेजाबाई दिसायला काही अप्सरा नव्हत्या. बुटक्या, चेहऱ्यावर देवीचे पुसट वण, आणि बोलणं इतकं कमी, की भाजीवाली त्यांना मुकीच समजायची. पण भाऊंना वाटायचं, अख्खं जग हिच्यावर टपून बसलंय. त्या एका मांजरीला दूध घालायच्या. भाऊंनी ती पोत्यात घालून पार देहूरोडला नेऊन सोडली. तेरेजाबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, तेव्हा हा गृहस्थ पुन्हा सायकल काढून देहूरोडला गेला आणि मांजर घेऊन आला. ती मांजर वेगळीच होती. तिच्या शेपटीवरून ते कुणालाही कळलं असतं. तेरेजाबाईंनी तिलाही दूध घातलं.

कासाराची गोष्ट तर सगळ्या रांगेला पाठ होती. चिंचवड गावातला एक म्हातारा कासार सणासुदीला बांगड्या भरायला यायचा. वय सत्तरीचं, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. पण तो तेरेजाबाईंचा हात धरून दाबायला लागला आणि भाऊंच्या भुवया कपाळात गेल्या. "ऱ्हाऊ द्या बाबा. म्या भरतो," म्हणाले. बांगड्या विकत घेतल्या, बायकोला समोर बसवलं आणि तिच्या हाताला साबण लावून स्वतः भरायला लागले. बॉयलरवाल्याचे हात ते! निम्म्या बांगड्या फुटल्या, तेरेजाबाईंच्या मनगटाला काच लागली आणि म्हातारा कासार शेजारी बसून "अंगठा दाबा राव, अंगठा आत घ्या," असं शिकवत राहिला. शेवटी डाव्या हातात चार गेल्या, उजव्यात तीन. त्या सात बांगड्या तेरेजाबाई वर्षभर मिरवत होत्या.

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पण खरं सांगायचं तर घरात येऊन मी माझ्या हातांकडे बघत बसले. त्या कासारानं माझे हात अर्धा तास धरले होते, आणि आमचे हे शेजारी बसून पेपरातले बाजारभाव वाचत होते.

आमचे हे वाईट नव्हते. दारू नाही, मारणं नाही, पगार हातात. पण या माणसानं माझ्यासाठी म्हणून जीव कधी टांगणीला लावला नाही. एकदा मी मुद्दाम बाजारातून उशिरा आले. दिवेलागण उलटून गेली होती. मनात म्हटलं, बघू तरी, दारात उभे असतील. हे आत होते. मला बघून म्हणाले, "आलीस का? मीठ संपलंय." त्याच वेळी शेजारी सायमनभाऊ ओट्यावर येरझारा घालत होते, कारण तेरेजाबाई नळावरून यायला जरा वेळ लागला होता. मला त्या बाईचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे वाटायचा, त्यात लपवायचं काय?

आणि त्या बाईला या सगळ्या जळण्याची फिकीर नव्हती. तिचं लक्ष गुरुवारकडे असायचं.

पिंपरीहून चिंचवडकडे जाताना हमरस्त्याला लागून सिस्टरांचं एक बैठं घर होतं. दोन सिस्टर, एक छोटा दवाखाना, बाळंतपणाची एक खोली, आणि तिच्या भिंतीला भिंत लावून प्रार्थनेची खोली. दर रविवारी खडकीहून फादर सायकलवर येऊन तिथं मिस्सा, म्हणजे त्यांची मोठी पूजा, करायचे. सायमनभाऊ रविवारी जायचे, दाराशी उभे राहायचे आणि संपलं की आधी बाहेर पडायचे. तेरेजाबाई मात्र गुरुवारी संध्याकाळी एकट्या जायच्या आणि तासभर बसून यायच्या. त्या वेळी तिथं फादर नाहीत, गाणं नाही, पूजा नाही. समोर वेदीवर एक बंद पेटी आणि तिच्याशेजारी तांबडा दिवा. बस.

मी एकदा त्यांना विचारलं, "काय असतं हो त्या पेटीत?"

त्या घेवड्याच्या शिरा काढत होत्या. म्हणाल्या, "भाकर असती. गव्हाची, पातळ, पापडावानी. मिस्सामधी फादर प्रभूचे शब्द बोलले, की मंग ती भाकर ऱ्हात न्हाई. तो सवता असतो. मिस्सा झाल्यावर राखून ठेवतात ना, तो त्या पेटीत. तांबडा दिवा लागलेला असला, की समजायचं, घरात हाय."

"आणि तुम्ही काय करता?"

"घरात हाय म्हणल्यावर जाऊन बसायचं. दुसरं काय?"

"काही मागत नाही?"

त्यांनी घेवडा मोडला. "पयलं मागायची. मूल मागायची. लई वर्सं मागितलं. मंग एक दिस मागायचं सपलं. आता मागायचं सपलं म्हणून काय उठून यायचं व्हय? आपलं मानूस हाय ते. मंग नुसतीच बसाय लागले."

एवढं लांब बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. आमच्या साताऱ्याच्या घरी देवापुढे नंदादीप असायचा. त्यात तेल घालणं माझं काम होतं. तेल घालून मी उठायची. बसून राहावं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

भाऊंच्या पोटात नेमकं हेच दुखायचं. गुरुवारी त्या पदर घेऊन निघाल्या, की भाऊंचा काटा चढायला सुरुवात. पहिली पाळी असली तर ते घरीच असायचे. मग सायकल काढून पाठोपाठ जायचे आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात बसायचे. एकदा तर खिडकीखाली सायकल उभी करून, तिच्या दांडीवर चढून आत डोकावले. सिस्टरनी बघितलं, तेव्हा सायकलीसकट खाली आले. गुडघा फोडून घरी आल्यावर मला म्हणाले, "वैनी, काय न्हाई करत हो ती. जपमाळ बी न्हाई हातात. नुस्ती बसती. पर तोंड बघा तिचं! माज्याकडं लगनात बी अशी बघितली न्हाई."

"अहो, देवाकडे बघतात त्या. देवावर कसलं जळायचं?"

"मागाय जात आसती तर समजलं आसतं," ते म्हणाले. "काय मागती ते म्या आनून दिलं आसतं. ती मागतच न्हाई, तीच तर गोम हाय. येक मानूस दुसऱ्यापाशी काय न मागता तासभर बसतंय. कशापायी?"

आणि तेरेजाबाई घरात आल्या, की दारातच प्रश्न. "कोण बसलंय तिथं तुजं?" त्या चुलीकडे जात म्हणायच्या, "तुमाला ठावं हाय." ठाऊक होतंच. म्हणून तर जळत होते. कासाराला हाकलता येतं, मांजर पोत्यात घालता येते. याला काय करणार?

शेवटी त्यांनी तोड काढली. गुरुवारी त्याला तास देतेस ना, मग शुक्रवारी मला तास. माझ्यापुढं बसायचं. तसंच. नुसतं. तेरेजाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हो म्हणाल्या.

तो शुक्रवार मी ओट्यावर तांदूळ निवडत बसून पाहिला. आमचं दार, त्यांचं दार, मधे हातभर भिंत. भाऊ आंघोळ करून, केसांना तेल लावून, धुतलेला सदरा घालून खाटेवर बसले. समोर जमिनीवर तेरेजाबाई मांडी घालून, हात मांडीवर, नजर त्यांच्या तोंडावर. थोडा वेळ अगदी गंभीर गेला. मग भाऊंनी मान खाजवली. मग म्हणाले, "काडेपेटी कुठं हाय?" त्या उठल्या, काडेपेटी दिली, पुन्हा बसल्या. मग, "जरा च्या टाकतीस?" चहा झाला. पुन्हा बसणं. मग भाऊंना आठवलं, की सदऱ्याचं बटण तुटलंय. मग त्यांना उकडायला लागलं. मग म्हणाले, "आशी काय बघतीस टकामका? काय लागलंय का तोंडाला?"

तेरेजाबाई उठल्या आणि चुलीकडे वळल्या. जाता जाता सहज म्हणाल्या, "तो काय मागत न्हाई."

भाऊ खाटेवर तसेच बसून राहिले. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना. पुढच्या शुक्रवारचं नाव त्यांनी काढलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी सिस्टरांकडे उघड्या आराधनेचा दिवस आला. वर्षातून एकदा असायचा तो. एरवी पेटीत असणारी ती पवित्र भाकर त्या दिवशी सोन्याच्या किरणांच्या एका उंच पात्रात, काचेआड, वेदीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. सकाळी फादर येऊन ठेवणार, संध्याकाळी येऊन पुन्हा आत ठेवणार. मधल्या सगळ्या वेळात तिला एकटं सोडायचं नाही. म्हणून दोघादोघांच्या पाळ्या लावलेल्या. कारखान्यातले दोन गोव्याचे कारकून, एक मंगळुरी कुटुंब, वसईकडचा एक फिटर आणि त्याची बायको, अशी दहाबारा माणसं. दुपारची एक पाळी तेरेजाबाईंची आणि त्या फिटरच्या बायकोची होती. फिटरच्या बायकोला ताप आला, म्हणून तेरेजाबाई एकट्याच बसल्या. भाऊ घरी यायची वेळ झाली तरी त्यांची पाळी संपली नव्हती.

भाऊ पहिल्या पाळीहून आले. घरात चूल थंड. अंगावरचे काळे कपडे न काढता तसेच सायकलवर टांग मारून निघाले. जाताना मला म्हणाले, "आज म्या तिला हाताला धरून आनतो. त्याच्यासमूर."

मी हे ऐकलं, पण माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. माझे दिवस भरले होते आणि सकाळपासून कंबर दुखत होती. भाऊ गेले आणि थोड्याच वेळात मला कळा सुरू झाल्या. ओट्यावरच्या बायकांनी टांगा आणला आणि मला सिस्टरांच्या दवाखान्यात नेलं. आमच्या ह्यांना कारखान्यात निरोप गेला. तो पोचला, एवढं मला नंतर समजलं.

तर झालं असं. सायमनभाऊ प्रार्थनेच्या खोलीच्या दारात उभे. आत तेरेजाबाई एकट्या, दोन्ही गुडघे टेकून. भाऊ आत पाऊल टाकणार, तेवढ्यात माझा टांगा आला. एक सिस्टर सांगवीला कुणाकडे गेलेली, दुसरी एकटी. तिनं मला पाहिलं आणि खोलीच्या दाराशी येऊन तेरेजाबाईंना हाक मारली. तेरेजाबाई उठल्या. समोर नवरा, मुठी वळलेला, काजळीनं माखलेला. त्यांनी एकदा वेदीकडे बघितलं, एकदा भाऊंकडे. म्हणाल्या, "तुमी बसा. येकटा सोडायचा न्हाई."

"मी?"

"बदली येस्तवर."

त्या एका शब्दानं काम केलं. बायकोला हाताला धरून न्यायला आलेला हा माणूस टोपी काढून आत गेला आणि बसला.

पुढे जे झालं, ते फक्त त्या भल्या माणसांमध्येच होऊ शकतं. पुढच्या पाळीचे दोघे कारकून वेळेवर आले. दारातून बघतात तो आत सायमन! रविवारी दाराशी उभा राहणारा सायमन, कामाच्या कपड्यांत, डोळे वेदीवर खिळलेले. त्यांना वाटलं, याच्यावर काहीतरी मोठं गुदरलंय. अशा वेळी मधे जाणं बरं नव्हे. फादरनीच याला ही वेळ दिली असेल. ते चवड्यांवर मागे फिरले. नंतरची मंगळुरी मंडळी आली. त्यांनीही तेच केलं. त्यानंतरच्यांनीही. प्रत्येकानं दारातून बघितलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि हळूच निघून गेला. भाऊ पाठमोरे. त्यांना वाटत होतं, बदली आलीच नाही.

भिंतीपलीकडे मी ओरडत होते. तेरेजाबाईंनी माझा हात धरला होता. मी नखं रुतवली होती त्यांच्या मनगटात, त्यांनी हूं की चूं केलं नाही. तोंडाकडे बघत होत्या माझ्या. नुसत्या. तेव्हा मला कळलं, भाऊ कशावर जळत होते ते. असं कुणी आपल्याकडे बघितलं, की दुसऱ्या कुणाकडे तसं बघू नये असं वाटतंच.

दिवे लागायच्या सुमाराला माझी मुलगी जन्मली. त्याच वेळी फादर आले. ते परदेशी होते, मराठी अगदी पुस्तकातली बोलायचे. आत एकटे भाऊ बघून म्हणाले, "आपण येथे केव्हापासून आहात? बाकीचे भाविक कोठे आहेत?"

भाऊ उठले नाहीत. म्हणाले, "बदली आली न्हाई, फादर."

"मी आलो आहे," फादर म्हणाले. तेव्हा कुठे भाऊ उठले. पायांना इतक्या मुंग्या आल्या होत्या, की फादरांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. फादरांच्या पांढऱ्या झग्यावर काजळीचा पंजा उमटला आणि तो तसाच घेऊन त्यांनी सगळी प्रार्थना केली, असं सिस्टर सांगायची.

आमचे हे दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन आले. रात्री झोप चांगली लागली होती, असं त्यांनीच सांगितलं. "सिस्टर आहेत म्हटल्यावर मला काळजी नव्हती," म्हणाले. मी तोंड भिंतीकडे केलं. भिंतीच्या त्या बाजूला काल एक माणूस बायकोच्या एका शब्दासाठी उपाशी बसला होता. मला तेरेजाबाईंचा इतका राग आला, की त्यांनी आणलेली पेज मी दोनदा परत पाठवली.

मी घरी आल्यावर एकदा भाऊ ओट्यावर माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. मी विचारलं, "काय केलंत हो तुम्ही तिथं इतका वेळ?"

"भांडलो," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? म्हनलं, सोड माज्या बायकोला. आमाला पोर बी दिलं न्हाईस, आन् हाय ती बायको बी तूच घेनार? लई बोललो. मनातल्या मनात, पर शिव्या बी दिल्या. तो काय बोलंना. मंग बोलून बोलून माजं सपलं. आता उठावं, तर बदली न्हाई." मुलीनं त्यांचं बोट धरलं होतं. "सपल्यावर बसलो नुस्ता. आन् वैनी, मला वाटायचं, तिथं बसून ती मला इसरती. तर तिथं बसल्यावर मला तिच्याबिगर दुसरं कायच आठवंना. ती बोलती कशी, बांगड्या भरल्या तवा रगत आलं तरी हसली कशी. इतक्या वर्सांत घरात बसून येवडी कदी दिसली न्हाई, तेवडी तिथं दिसली."

"मग? विचारलंत त्यांना?"

"इचारलं. म्हनलं, तू तिथं मला इसरतीस का? तर म्हनती, तुमालाच तर घिऊन बसते. मंग काय म्हनता आता? इतकी वर्सं म्या माज्यावरच जळत हुतो." आणि त्यांनी बोट आडवं धरून हळूहळू खाली आणलं.

यानंतर भाऊ जळायचे थांबले, असं कुणी समजू नये. स्वभावाला औषध नाही. मांजरीवर, माझ्या मुलीवर, नव्या पोस्टमनवर त्यांचं जळणं चालूच राहिलं. फक्त गुरुवारवर ते जळेनासे झाले, कारण गुरुवारी आता ते स्वतःच जायला लागले. आणि मग खरी गंमत झाली. तेरेजाबाई चिडल्या! त्यांच्या शेजारी हा माणूस येऊन बसायचा, खाकरायचा, सुस्कारे टाकायचा आणि एकदा डोळे लागले की भिंतीला टेकून घोरायचा. महिन्याभरानं त्या मला म्हणाल्या, "घरात घडीभर गप बसत न्हाईत. तिथं बघा, कसं शहान्यावानी बसत्यात. त्याच्यापुढं गप, माज्यापुढं वटवट." म्हणजे आता ह्या बाईला जळायची पाळी आली! शेवटी प्रकरण फादरांकडे गेलं. फादरांनी निवाडा केला, "सायमन, आपण मंगळवारी येत जावे." तेव्हापासून मंगळवार भाऊंचा, गुरुवार बाईंचा.

आणि मी? मी दोन्ही दिवस ओट्यावरून बघायची. तो जाताना ती बघायची, ती जाताना तो. आमच्या घरातून कुणी कुठंही गेलं, तरी मागे फक्त दार लागल्याचा आवाज व्हायचा.

मुलगी चालायला लागली, त्या सुमारास ह्यांना ठाण्याला दुसरी नोकरी लागली. सामानाचा ट्रक ठरवला. निघायच्या दिवशी तेरेजाबाईंनी मुलीला गव्हाच्या लाडवांचा डबा दिला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. भाऊ घरी नव्हते. मला वाईट वाटलं. हे आणि मुलगी पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे सामानात, गादीच्या वळकटीवर. नीट बसलीस का, हे कुणी विचारलं नाही.

चिंचवडच्या अलीकडे इंजिन तापलं. ड्रायव्हर पाणी आणायला गेला आणि हे मुलीला घेऊन चहाच्या दुकानात. समोर सिस्टरांचं घर होतं. खिडकीखाली भाऊंची सायकल. तेव्हा लक्षात आलं, आज मंगळवार. निरोप घ्यावा म्हणून मी खाली उतरले आणि दारातून आत पाहिलं.

तांबडा दिवा लागलेला होता. पेटी बंद. भाऊ एकटे बाकावर, कामाच्याच कपड्यांत, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. शेजारची जागा त्यांनी आपली खाकी टोपी ठेवून धरली होती. मंगळवारी तेरेजाबाई येत नसत. तरी जागा धरलेली होती.

माझी चाहूल लागली असावी. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. नुसती टोपी उचलली आणि मांडीवर घेतली.

मी जाऊन बसले. मला प्रार्थना येत नव्हती आणि मागावं असंही काही सुचलं नाही. जे मला हवं होतं, ते देवाकडे मागायची लाज वाटते. त्या पेटीकडे बघत राहिले. आत जो कुणी होता, त्याला माझी घाई नव्हती. मीठ संपलंय, असं तो म्हणाला नाही. बाहेर हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. मी ऐकला, आणि माझे पायच उठेनात. ट्रकचं इंजिन चालू झालं, बंद झालं. मग दारात चपलांचा आवाज आला.

हे होते. मुलगी कडेवर. "अगं, हॉर्न ऐकू येत नाही का? कधीपासून शोधतोय तुला!" असं म्हणता म्हणता थांबले. माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्याकडे वळले होते, पण माझं तोंड अजून तिथलंच असावं. त्यांनी पेटीकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. आवाज एकदम बदलला. जरा तुटक, जरा चढा. तसा मी लग्नापासून ऐकला नव्हता.

"एवढं काय बघत होतीस? कोण बसलंय तिथं तुझं?"

पाळीवर असताना कधी मान न वळवणाऱ्या सायमनभाऊंनी तेव्हा मान वळवली. ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मांडीवरच्या टोपीआडून त्यांचं बोट आडवं झालं आणि हळूहळू वर गेलं. मी उठले, तशी त्यांनी टोपी पुन्हा शेजारच्या जागेवर ठेवली आणि पेटीकडे तोंड केलं. भाऊ मला त्यानंतर दिसले नाहीत.

ट्रकमध्ये ह्यांनी मला पुढे बसवलं, स्वतः दाराशी अंग चोरून बसले. कामशेतला त्यांनी पुन्हा विचारलं, खंडाळ्याला पुन्हा. मी मुलीला लाडू भरवत होते.